रस्ता रुंद नको, कडा भरून द्या

प्रति,
पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांचा कारभार पाहणारे अभियंते आणि अधिकारी,
सार्वजनिक बांधकाम विभाग व जिल्हा परिषद बांधकाम विभाग

विषय: धरणकाठच्या आणि घाटातल्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यांचं म्हणणं

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२६ मध्ये आपल्या जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पाच दिवस, ४३७ किलोमीटर. एरवी दुधाचे कॅन बांधलेल्या मोटरसायकली आणि मोजक्या फेऱ्या करणारी एसटी एवढीच वर्दळ असलेल्या रस्त्यांवरूनही परदेशी संघ सुसाट गेले. त्यासाठी कितीतरी रस्ते नव्याने डांबरले गेले, खड्डे बुजले, पांढरे पट्टे आखले गेले. घरात लग्न ठरलं की भिंतींना रंग लागतो, तसं झालं. तक्रार नाही, रंग लागला हे खरं आणि त्याबद्दल मनापासून आभार. पण आभाराच्या पत्रातच मागणी घालणं बरं दिसत नसलं तरी घालतो आहे, कारण पावसाळा कुणासाठी थांबत नाही.

शर्यतीपासून ‘सायकल पर्यटन’ हा शब्द भाषणांत वारंवार ऐकू येतो. चांगलंच आहे. मात्र आपल्याकडे पर्यटन म्हटलं की त्याच्या मागोमाग ‘रुंदीकरण’ येतं, आणि माझी भीती नेमकी तीच आहे. मुळशी, पवना, पानशेत, वरसगाव, भाटघर, नीरा देवघर या जलाशयांच्या काठचे रस्ते कृपा करून रुंद करू नका. आहेत तेवढेच ठेवा, फक्त त्यांच्या कडा सांभाळा. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पत्र हे का आणि कसं याबद्दल.

हे रस्ते असे का आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी जे सायकलवरून कळतं ते सांगतो. कुणी सहलीसाठी ही आखणी केलेली नाही. नदीकाठची भातखाचरं, गावं, गावांना जोडणाऱ्या वाटा पाण्याखाली गेल्या, तेव्हा पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वर, डोंगराला धरून नवा रस्ता काढावा लागला. म्हणून तो दर ओढ्याला आत वळतो, मोरी ओलांडतो आणि पुढच्या सोंडेवरून पुन्हा बाहेर येतो. पाण्यापलीकडे समोर दिसणाऱ्या गावाला पोचायला अर्धा-पाऊण तास पायडल मारत बसावं लागतं. चढ छोटे, उतार छोटे, वळण सुटलं की पुन्हा पाणी. गाडीवाल्याला याचा वैताग येतो आणि सायकलवाला पहाटे चारला उठून याच्यासाठी येतो.

दुसरं म्हणजे यातले बरेच रस्ते खोऱ्याच्या शेवटी सह्याद्रीच्या कड्यापाशी संपतात. पानशेतच्या पाण्याकाठून घोळ या गावाकडे जाणारा रस्ता घ्या. घोळच्या पुढे कोकणात उतरायचं तर पायवाटा. पलीकडे जाता येत नाही, त्यामुळे पलीकडे जाणारी वाहतूकही नाही. ट्रक नाहीत, ‘शॉर्टकट’ मारणारे नाहीत. साऱ्या जिल्ह्यात रविवारी सकाळी टायरचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता असलेले रस्ते आता मोजकेच उरलेत, आणि ते शांत आहेत ते अडचणीचे आहेत म्हणून.

या रस्त्यांवरून जाताना मला आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, तरी धरण झालं. तिथलं पाणी आजही डोंगरापलीकडे भिऱ्याला जाऊन वीज तयार करतं. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण १९२८ मध्ये पुरं झालं आणि त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या उसाला मिळालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि आजूबाजूची माणसं दर्शनाला जातात. पानशेत म्हटलं की पुणेकराला १२ जुलै १९६१ आठवतो, धरण फुटून बुडालेल्या पेठा आठवतात. पण पानशेतच्या वरच्या अंगाला पाणी साठवायला कुणाची शेतं गेली हे फारसं कुणाला आठवत नाही. पाणी एकाला गेलं, वीज दुसऱ्याला, आणि खोऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला वळणावळणाचा हा रस्ता आला. तेव्हा त्यावर पहिला हक्क त्याचा, आम्ही पाहुणे. सायकलवाल्यांसाठी म्हणून काही करताना ते त्याच्या मुळावर येणार नाही, एवढं तरी बघायला हवं.

रुंदीकरण त्याच्या मुळावर येतं. रस्ता साडेपाचाचा दहा मीटर झाला की वेग वाढतो, वेग वाढला की पुण्याहून लागणारा वेळ कमी होतो, आणि वेळ कमी झाला की प्लॉटचे फलक लागतात. मग डंपर आणि हायवा सुरू होतात, आणि दोन पावसाळ्यांत तो दहा मीटरचा रस्ताही उखडतो. ताम्हिणीकडे बघा. तो आता राष्ट्रीय महामार्ग आहे, कोकणात जायची सोय झाली, ती गरजेची होती, त्याबद्दल वाद नाही. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या घाटात सायकल घालायची आमच्यातल्या जुन्या-जाणत्यांचीही हिंमत होत नाही. जिथे वाहतुकीला पर्याय नाही तिथे महामार्ग करा. घोळला महामार्ग कशाला?

शिवाय रुंदी मिळवायची तर डोंगर पोखरावा लागतो, कारण दुसऱ्या अंगाला पाणी आहे. आपल्याकडच्या उताराचा पायथा एकदा कापला की वरचा मुरूम आणि सुटे दगड दर पावसाळ्यात खाली येत राहतात. वरंध घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवायची पाळी येते, हे भोरकरांना नव्याने सांगायला नको. आणि कडेचे आंबे, जांभळं, वड जातात. मार्चनंतर सकाळी नऊ वाजता चढावर सावली म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही.

आता कडांकडे येतो. इथे मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण बाकी सगळ्या गोष्टींवर कुणी ना कुणी बोलतं, कडेवर कुणी बोलत नाही.

रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर येतो. जुना थर खरवडून न काढता त्याच्यावरच कारपेट अंथरलं की रस्ता वर चढतो, डांबराबाहेरची मातीची साइडपट्टी मात्र जिथल्या तिथे राहते. पावसाचं पाणी त्या सांध्यातून धावतं आणि माती आणखी खाली नेतं. तीन-चार थरांनंतर डांबराची कड म्हणजे चांगली वीतभर उंचीची पायरी होते. चारचाकीला याचं काही वाटत नाही. रोड बाइकचा, म्हणजे शर्यतीच्या धाटणीच्या सायकलचा, टायर जेमतेम २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतो. मागून एसटी किंवा डंपर आला, हॉर्न वाजला, माणूस घाबरून कडेला सरकला की पुढचं चाक पायरीवरून घसरतं. खरा अपघात त्यानंतर होतो. तो परत वर यायला बघतो, चाक कडेला समांतर घासत राहतं, हँडल वळत नाही, आणि माणूस डावीकडे न पडता उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या बाजूला पडतो. आमच्या गटातल्या एकाचं गळ्याचं हाड असंच मोडलं. रस्ता नवा कोरा होता, खड्डा औषधालाही नव्हता.

हे फक्त आमच्या बारीक टायरचं दुखणं नाही. दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल त्याच कडेवरून खाली उतरते. शाळा सुटल्यावर एका सायकलवर दोघी जणी बसून घरी जाणाऱ्या मुली त्याच कडेवरून जातात, आणि त्यांच्या डोक्यावर आमच्यासारखं हेल्मेट नसतं. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईला समोरून गाडी आली की उतरायला जागा तीच. म्हणजे साइडपट्टी ही शहरातून आलेल्या हौशी लोकांची चैन नव्हे. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांचा रस्ता तोच आहे.

उपाय साधा आहे आणि तुमच्या अंदाजपत्रकांत तो बहुतेक वेळा असतोही: साइडपट्टी भरणे. मात्र ती भरायची म्हणजे रस्त्याचं काम संपता संपता उरलेली माती ट्रॉलीने ओतून जायचं, असं होता कामा नये. चांगला मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून, बाहेरच्या बाजूला उतार देऊन ती डांबराच्या पातळीला आणायची. आणि ती पातळीला आहे की नाही हे डांबराच्या जाडीइतक्याच काटेकोरपणे बघितल्याशिवाय बिल काढायचं नाही. गावठाणातून जाणाऱ्या काँक्रीटच्या तुकड्यांबाबत तर हे जास्तच खरं आहे. तिथे कड आणखी उंच असते आणि डांबर संपून काँक्रीट सुरू होतं त्या सांध्यावर आडवी पायरी असते. पाबे घाटासारख्या उतारावरून भरधाव आलेल्या माणसाला अशी एक पायरी पुरते.

तुमच्या कामाच्या जागी फलक असतात: कामाचं नाव, ठेकेदार, किंमत, दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत. हा फलक आम्ही सायकलवाले वाचतो, कारण चढावर आमचा वेग फलक वाचण्याइतकाच असतो. त्या कालावधीत साइडपट्टीही येते का, हे तिथेच एका ओळीत लिहा. गावचा कोणीही माणूस मग ठेकेदाराला विचारू शकेल.

आता काही किरकोळ गोष्टी. किरकोळ तुमच्या दृष्टीने. आमच्या मनगटाला आणि कमरेला त्या फार लागतात.

गतिरोधक हवेत, शाळेपाशी तर हवेतच. पण इंडियन रोड काँग्रेसने त्याचं माप ठरवून दिलेलं आहे: १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, आणि आधी सूचनाफलक. गावोगावी रातोरात उभी राहणारी टेकाडं या मापाच्या जवळपासही जात नाहीत आणि त्यांना रंगही नसतो. पहाटेच्या अंधारात ती दिसत नाहीत. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, साडेतेरा तासांत संपवायची असते, तिचे स्वार अंधारातच निघतात. पण तो आमचा हौसेचा मामला. पहाटे भाजी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला तो अंधार रोजचाच आहे.

बारीक खडी. खड्डे बुजवल्यावर किंवा सीलकोट, म्हणजे डांबराचा पातळ वरचा थर, केल्यावर वर पसरलेली कच वाहनांच्या चाकांनी उडून वळणाच्या बाहेरच्या बाजूला गोळा होते, म्हणजे सायकल जिथून जाते नेमकी तिथे. कादवे खिंडीच्या उतारावर किंवा दुधिवरे खिंडीच्या वळणावर ती खडी म्हणजे गोट्यांवर ब्रेक लावणं. काम संपल्यावर दोन माणसं आणि दोन खराटे, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चिखलात चालायची लोखंडी चाकं, म्हणजे केजव्हील, लावूनच रस्त्यावरून पुढच्या खाचरात जातो आणि डांबर सोलवटून निघतं. याबद्दल शेतकऱ्याला दंड वगैरे करू नका. दोन खाचरांच्या मध्ये रस्ता कुणी आणून टाकला, हा प्रश्न तो उलट विचारू शकतो. भातलावणीनंतर तेवढे पट्टे दुरुस्त करायचं वेळापत्रक ठेवा.

फलकांबद्दल एक मागणी आहे, ती स्वस्त आहे. प्रत्येक घाटाच्या पायथ्याला चढाची लांबी आणि माथ्याची उंची लिहिलेला साधा फलक लावा. सेल्फी पॉइंट नको, सायकलचा पुतळा नको, ‘आय लव्ह’ वगैरे लाल अक्षरं तर अजिबात नकोत. आणि पाण्याचं म्हणाल तर नवी पाणपोई बांधायची गरज नाही. ग्रामपंचायतीचा नळ कुठे आहे तेवढं त्याच फलकावर लिहिलं, गावची हरकत नसेल तर, तरी आमचं भागतं. चहा-पोहे, पिठलं-भाकरी याची सोय खोऱ्यातल्या घरांनी आणि बचत गटांनी आधीच केलेली आहे. त्यांना अनुदानापेक्षा गिऱ्हाईक हवं आहे.

आणि सायकल ट्रॅक? नको. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात सायकल ट्रॅक म्हणजे काय झालं ते आपण सगळे बघतो: पेव्हर ब्लॉक, मध्येच डीपी, पुढे लावलेल्या दुचाक्या आणि शेवटी पावभाजीची गाडी. तो खर्च खोऱ्यात करू नका. जिथे गाड्या कमी आणि हळू आहेत तिथे अख्खा रस्ताच सायकलचा असतो.

एक मार्ग उदाहरणादाखल सांगतो, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. पुण्याहून खडकवासल्याच्या काठाने खानापूर, पुढे पानशेत. तिथे पानशेत आणि वरसगावच्या भिंती शेजारी शेजारी आहेत. मग कादवे खिंड चढून वेल्ह्याला उतरायचं, समोर तोरणा. तिथून पाबे घाट चढून मागे वळून राजगड बघायचा, आणि उतरून परत खानापूर. शंभरेक किलोमीटर होतात. माझ्या मते पुण्याच्या आसपास याहून चांगला फेरा नाही. पवनावाले मित्र तुंग-तिकोना किल्ल्यांजवळच्या, पवनेच्या काठच्या रस्त्यासाठी माझ्याशी भांडतात, भांडोत बापडे. पण या एका फेऱ्यात रस्त्याचा दर्जा बदलतो तशी जबाबदारीही बदलते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. हद्द कुठे बदलली हे आम्हाला नकाशा न बघता कळतं: एका मोरीपर्यंत गवत कापलेलं असतं, पुढे वळणच दिसत नाही. दोन्ही खात्यांनी बसून असे पाच-सहा फेरे निवडावेत आणि एकेका फेऱ्याला एक जबाबदार उपअभियंता नेमावा. नव्या निधीची वाट बघण्याआधी एवढं करता येण्यासारखं आहे.

एका जुन्या माणसाची आठवण करून देतो. तुमच्याच खात्यात पूर्वी मैलकुली असायचा. ठरावीक लांबीचा रस्ता त्याच्या ताब्यात. नाली तुंबली तर तो फावडं घेऊन मोकळी करायचा, कड खचली तर मुरूम टाकायचा, फांदी वाढली तर छाटायचा. पाणी रस्त्यावरून आडवं वाहायला लागायच्या आधी तो तिथे पोचलेला असायचा, आणि रस्ता मुळात बिघडतो तो पाण्यानेच. आता काम निघतं तेव्हा एकदम मोठं निघतं, जेसीबी येतो, आणि मधल्या काळात रस्त्याकडे बघायला कुणी नसतं. प्रत्येक खोऱ्यात त्याच गावांतल्या चार-सहा माणसांना, बायांनाही, वर्षभराचं हे काम दिलं तर एका रुंदीकरणाच्या खर्चात ती किती वर्षं चालतील, याचा हिशोब तुम्हीच करून बघा. धरणात ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडांना त्याच रस्त्यावर पगाराचं काम मिळेल. मला विचाराल तर सायकल पर्यटनाचा पहिला रुपया इथे खर्च व्हावा.

या पत्राची एक प्रत मी आमच्या सायकल गटांतही फिरवणार आहे, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. तीन-तीन, चार-चारच्या रांगा करून अख्खा रस्ता अडवायचा आणि मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला वर हातवारे करायचे, हे बंद करा. त्याला त्या गाडीतल्या माणसांना बाजारच्या वेळेत पोचवायचं असतं. खायच्या एनर्जी जेलची रिकामी पाकिटं खिशातच ठेवा. गुरं रस्ता ओलांडत असतील तर थांबा, घंटी वाजवू नका, बैल बिथरतात. तुमच्या वेगाची सरासरी बिघडली तर बिघडू द्या.

अधिकारी मंडळींकडे परत येतो. सायकलचा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो आणि उन्हं तापेपर्यंत चालतो. तेव्हा गणपती गेल्यावर एकदा या रस्त्यांची पाहणी व्हावी आणि दसऱ्याच्या आत साइडपट्ट्या, नाल्या, वळणांवरचं गवत आणि सुटी खडी एवढं उरकावं. शर्यतीच्या वेळी तारखा पाळता आल्या होत्या. नीरा देवघरच्या काठचा निगुडघर-हिर्डोशीकडचा रस्ता, पाबे घाट आणि पवनेच्या काठचा रस्ता, या तिघांपासून सुरुवात केली तरी चालेल.

कळावे,

आपला,
पुण्याचा एक सायकलस्वार

ता. क. उतारावर आणि गावाच्या तोंडाशी पांढऱ्या जाड पट्ट्यांचे रंबलर मारतात, ते कडेपासून कडेपर्यंत मारलेले असतात. डाव्या अंगाला एक मीटर मोकळा सोडला तर सायकल, दूधवाला आणि बाळंतिणीला घेऊन निघालेली रिक्षा निदान एका चाकाने तरी सुखाने जाईल. यासाठी ना निधी लागतो, ना निविदा. पट्टे मारणाऱ्याला तसं सांगायचं, हे याच आठवड्यात होऊ शकेल.